ग्रीनच्या कडेचं दव

"बोलायचं न्हाय म्हंजे किती येळ बोलायचं न्हाय?" रखमानं विचारलं.

"खेळनारा मारायला उभा रायला की मारून होईस्तवर." सम्यक अंगणात बसून बुटाच्या तळव्यातली माती काडीनं उकरत होता.

"आनि खोकला आला तर?"

"गिळायचा."

"तुज्या आईला गप कोन करनार?"

आतनं केसरचा आवाज आला, "मी सगळं ऐकतंय हां वन्सं."

"ऐकावं म्हनूनच बोलतंय." रखमानं लुगड्याचा पदर खोचला. "बरं, उभं कुटं रायचं?"

"दोरी बांधलेली आसंल. दोरीच्या भायर. हलायचं न्हाय, मोबाइल वाजवायचा न्हाय, मला हाक मारायची न्हाय. मी बगितलं तरी हात करायचा न्हाय."

"आरं मग मयताला जातंय का खेळ बगायला?"

सम्यक हसला, पण काडी काही थांबली नाही. बुटाला माती केव्हाच उरली नव्हती, तरी तो उकरत होता. रखमाला ते दिसलं. पोर घाबरलं की हाताला काहीतरी चाळा लागतो, हे तिला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक.

आता बघा, ज्या मैदानावर सम्यक खेळणार होता त्याच मैदानावर रखमा सोळा-सतरा वर्षं कामाला होती. तिथलं गवत तिनं निंदलं, वाळू चाळली, पाइप ओढले. पण तिथं खेळतात कसे ते तिनं कधी बघितलं नव्हतं. तिथली रीतच तशी. खेळणारे यायच्या आत मैदान मोकळं झालं पाहिजे. उजाडताना बापू सुपरवायझरची शिट्टी झाली की बायांनी काठ्या-खुरपी उचलायची आणि करवंदीच्या जाळीमागच्या वाटेनं शेडवर जायचं. खेळायला आलेल्या साहेबाला काम करणारी बाई दिसता कामा नये. शेडमध्ये बसून रखमाला एवढंच ऐकू यायचं, लांबून, टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक.

रखमाला दिघीला दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरं घर केलं, आणि ही एक पत्र्याची पेटी घेऊन लाँचमधून खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरली, तिथून चालत भावाच्या दारात. भाऊ सदू बोटीवर तांडेलाच्या हाताखाली. भावजय केसर बागवाल्यांकडे आंब्याच्या कामाला. घरात रांगतं पोर, त्याला कोण बघणार, म्हणून रखमाला कुणी काही विचारलं नाही. पोर हिच्या काखेत आलं ते आलंच. सम्यकच्या तोंडी आई यायच्या आधी आत्ये आलं, आणि हे केसर अजून विसरलेली नाही.

पुढं खाजणाच्या वरच्या माळावर हॉटेलवाल्यांनी गोल्फच्या खेळासाठी गवत लावायला घेतलं तेव्हा बौद्धवाडीतली माणसं बांधावर उभी राहून बघायची. एवढं चांगलं गवत आणि गुरं आत सोडत नाहीत म्हणजे ही माणसं ठार वेडी, असंच सगळ्यांचं मत. मग त्यातल्याच बाया तिथं कामाला लागल्या. रखमाला दवाचं काम मिळालं.

दवाचं काम म्हणजे असं. बॉल ज्या खळग्यात पाडायचा त्या होलाभोवतीचं गवत अगदी बारीक कापतात, गालिच्यासारखं. त्याला ग्रीन म्हणतात. हिवाळ्यात खाडीवरनं धुकं येतं आणि त्या ग्रीनवर दव बसतं. दव राहिलं तर बॉल सरळ घरंगळत नाही आणि गवतालाही रोग लागतो. म्हणून पहाटे बायांनी लांब लवलवत्या काठ्या घेऊन दव झाडायचं. काठीचं टोक गवताला टेकवायचं आणि मनगट वळवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. काठी जिथनं जाईल तिथलं गवत राखाडीचं हिरवं होतं. बाकीच्या बाया ग्रीन संपलं की थांबत. रखमा कडेच्या बाहेरही हातभर झाडायची. बापू म्हणायचा, "रखमाबाई, तेवढं नाही सांगितलेलं." ती म्हणायची, "आर्धं ठेवलं की हात खाजतो." तिला कुणी पुन्हा अडवलं नाही.

सम्यक तिच्यामागून मैदानावर आला. आधी हरवलेले बॉल शोधून द्यायचा, मग साहेबांच्या बॅगा वाहायला लागला, मग एका साहेबानं त्याच्या हातात जुनी काठी दिली आणि बघत राहिला. होता होता पोर व्यावसायिक खेळाडू झालं. कोलकाता, चंदीगड, कुठंकुठं जायचं. संध्याकाळी फोन यायचा, "आत्ये, आज एकाहत्तर." ही विचारायची, "म्हंजे चांगला का वाईट?" जितके फटके कमी तितकं चांगलं, हे तिला समजायलाच एक वर्ष गेलं. जगात सगळीकडे जास्त असलेला जिंकतो.

पण गेली दोन-तीन वर्षं फोनवरचा आवाज खाली खाली येत चालला होता. तिथलं असं असतं की वर्षभराच्या खेळावरून पुढच्या वर्षी कुणाला खेळू द्यायचं ते ठरतं. सम्यक कडेवर लटकला होता. वर्षातली ही शेवटची स्पर्धा, नशिबानं घरच्याच मैदानावर. पहिल्या दोन दिवसांनी निम्म्याहून जास्त माणसं गाळतात, त्याला कट म्हणतात. कटातून राहिला तर पुढचं वर्ष पक्कं. नाही राहिला तर खेळ सोडायचा आणि नव्या मुंबईच्या क्लबात पोरांना शिकवायची नोकरी धरायची, असं त्यानं बापाला कबूल केलं होतं. क्लबवाले उत्तराला थांबले होते. सदू काही वाईट माणूस नव्हे. पोरानं लग्नाचं वय ओलांडलं, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून पहिल्या दिवशी रखमानं आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेऊन मैदानावर पाय ठेवला, तोही पुढच्या फाटकानं. तिच्या काठीवर त्या दोन दिवसांपुरती पूनम नावाची नवी पोरगी होती.

केसर नवं लुगडं नेसून आली होती. दोघी दोरीला लागून उभ्या. पहिला खेळाडू उभा राहिला तशी सगळी माणसं एकदम गप झाली. एवढी माणसं आणि एवढी शांतता रखमानं फक्त बुद्धवंदनेला बघितलेली. त्या माणसानं काठी मागं नेली आणि ती खाली येताना दिसलीच नाही. आवाज झाला. शेडमधून ऐकायची तो टक नव्हे. छातीत काहीतरी फुटल्यासारखा कोरडा, कडक आवाज. बॉल कुठं गेला ते तिला कळलं नाही. सगळे आभाळाकडे बघत होते म्हणून तीही बघायला लागली.

"गेला कुटं?" केसर कुजबुजली.

"आजून वरच हाय."

"मग येनार कवा?"

शेजारचा माणूस वळून बघून हसला. मग लांब, हिरव्या पट्ट्याच्या पार टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी पडलं, उडालं आणि थांबलं. या माळावर जिथं पोचायला तिला एवढा वेळ लागायचा तिथं हा माणूस उभ्या जागेवरून पोचला होता.

मग सम्यक आला. पाठीमागं विवेक, वाडीतलाच, त्याची बॅग घेऊन. सम्यकनं दोरीकडं बघितलं नाही. हा आपला पोरगा आहे हे तिला क्षणभर खरंच वाटेना. घरात ताटावर वाकून बसणारा, चहा बशीत ओतून पिणारा. इथं तो ताठ उभा होता, आणि जसा तो बॉलपाशी गेला तसं त्याचं तोंड परक्या माणसासारखं झालं. काठी फिरली. तोच आवाज. केसरनं रखमाचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

दिवसभर त्या त्याच्या मागनं दोरीच्या बाहेरून चालल्या. पण दोरीबाहेरून दिसतात त्या पाठीच. ग्रीनवर तो खाली बसून गवत बघायचा, विवेक त्याच्या कानात काहीतरी सांगायचा, तो मान हलवायचा. ते काय बोलतात ते रखमाला ऐकायचं होतं. बॉल होलाकडे जायचा तेव्हा मध्येच कुणाचं तरी डोकं यायचं. संध्याकाळी तो बरा खेळला होता एवढं माणसांच्या बोलण्यावरून कळलं. आणखी एक असाच दिवस गेला की राहिला, असं सगळे म्हणत होते.

तो दिवस जायचा तसा गेला असता. पण विवेक संध्याकाळी जेटीवर मित्रांना भेटायला गेला आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरला. पाय दुधीएवढा सुजला. सम्यक त्याच्या दारात जाऊन परत आला आणि ओट्यावर बसला.

"हाटेलात सांगतो. देतील कुनीतरी बॅगवाला," तो म्हणाला.

"अनोळखी?" केसर म्हणाली.

"बॅगच उचलायचीय."

"बॅगच उचलायची तर मी हाय ना," रखमा म्हणाली.

सदू जाळ्याला गाठ मारत होता, तो थांबला.

"हसू नका. मी खतं वाहिलीत, पाइप वाहिलेत. तुजी बॅग काय जड हाय? तू सांगशील ते देईन, सांगशील तितं उभी राहीन. तोंड उघडनार न्हाय." मग जरा हळू, "एवढी वर्सं गवात बगतंय रं. जवळनं एकदा बगू दे."

सम्यकनं तिच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "पायात बूट लागतील."

"तुज्या आईचे हायेत. बागंतले."

"वन्सं, माजे बूट फाटतील," केसर म्हणाली. पण तिनंच ते कोपऱ्यातून काढून धुऊन ठेवले.

सकाळी मैदानावर तिला लुगड्यावरून घालायला एक पांढरं बिनबाह्यांचं जाकीट दिलं. त्याच्या पाठीवर इंग्रजीत तांबे लिहिलं होतं. लग्नात गेलेलं आडनाव असं पाठीवर परत आलं. तिनं बॅग उचलली आणि सवयीनं सरळ डोक्यावर घेतली. तिथं उभी होती तेवढी माणसं हसली. सम्यकही हसला. "आत्ये, खांद्याला. पट्टे हायेत त्याला." सम्यकबरोबर खेळणारा सलिल, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या बागवाल्यांचा मुलगा, पुढं होऊन पट्टे लावायला लागला. "मावशी, माझीही बॅग घ्या. दोन्ही डोक्यावर बसतील तुमच्या." "तुजी तू घे. धष्टपुष्ट तर हायेस," रखमा म्हणाली, आणि परत हसणं झालं.

सकाळची अगदी पहिली खेप त्यांची. ऊन अजून झाडांच्या वर आलं नव्हतं. पहिल्या होलाला सम्यकनं तिला सगळं समजावून दिलं. बॉल पुसायचा पंचा कुठं, कुठली काठी कधी, सावली कुठं पडू द्यायची नाही. ती सांगितलं तेवढंच करत होती. आणि आज तिला ऐकू येत होतं. मारायच्या आधी सम्यक स्वतःशी पुटपुटतो, "हळू, हळू, हळू." लहानपणी आडावरून कळशी आणताना ती त्याला हेच म्हणायची. तो ते कधी उचलून इथं घेऊन आला कुणास ठाऊक. ती जवळून बघत होती आणि तिला दुसरं काही नको होतं.

तिसऱ्या होलाला त्याचा बॉल ग्रीनच्या जरा बाहेर, कडेच्या गवतात थांबला. तिथून होलाकडे सरळ रस्ता होता, घरंगळत न्यायचा. सम्यक म्हणाला, "आत्ये, झेंडा काढ." होलात एक लांब काठी उभी असते, तिला झेंडा लावलेला. रखमानं ती उपटली आणि बाजूला जाण्यासाठी कडेकडेनं चालत आली. सम्यक होलाच्या पलीकडे जाऊन, खाली बसून, एक डोळा मिटून उतार बघत होता.

पूनमनं ग्रीन झाडलं होतं, पण सांगितलं होतं तेवढंच. कडेच्या बाहेर, बॉलच्या पुढं, हातभर गवत तसंच राखाडी होतं. दव दाट बसलेलं. हातात लांब काठी, पायाशी ओलं गवत, आणि वेळ तीच, रोजची. रखमाचं लक्ष पोराच्या तोंडाकडे होतं. काठीचं दुसरं टोक गवताला टेकलं, मनगट वळलं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हिरवा पट्टा उमटला.

"आत्ये."

तो ओरडला नाही. फक्त उभा राहिला. तिनं वर बघितलं, मग काठीकडे, मग गवताकडे. काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं, काय ते कळेना.

सलिल पुढं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मार तू. मी तिकडं बघत होतो. मी काही पाहिलं नाही."

दोरीपलीकडे एवढ्या सकाळी दोन-चारच माणसं होती, तीही लांब. सम्यक थोडा वेळ बॉलकडे बघत राहिला.

"मी पाहिलं ना," तो म्हणाला, आणि त्यानं हात वर केला.

पंच छोट्या गाडीतून आला. सम्यकनं त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. खेळण्याच्या रेषेतलं दव काढायचं नसतं. जिथं जसं आहे तिथं तसं खेळायचं.

"साहेब, त्यानं न्हाय सांगितलं," रखमा म्हणाली. "त्यो तर पल्याड बसला होता. माज्या हातानं आपसूक झालं. माजं रोजचं कामच ते हाय, बापूला विचारा."

"मावशी, आज तुम्ही त्याची बॅग धरलीये ना? मग तुमचा हात तो त्याचाच हात."

"मग मना काढा. हे घ्या जाकीट. मी घरी जातंय."

"तसं होत नाही."

"मग पानी मारते." तिनं वळून बघितलं. "त्या सुरूच्या झाडामागं नळ हाय. मना म्हायती हाय. हातानं शिपडून जसं होतं तसं करून देते. समजायचं पन न्हाय."

सलिल खाडीकडे बघायला लागला. पंच वयानं मोठा होता. त्यानं टोपी काढून परत घातली. "दव परत घालता येत नाही, मावशी," तो म्हणाला, आणि सम्यकला दोन फटके वाढवले.

पुढच्या होलाकडे जाताना रखमा मागं राहिली. बॅग जमिनीवर. सम्यक चार पावलं जाऊन थांबला.

"बॅग घे."

"कुनी दुसरा बग रं."

"बॅग घे आत्ये. उशीर केला तर त्याचे पन फटके लावतात."

तिनं बॅग घेतली. नंतर दिवसभर ती दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यांत अडकवून उभी राहिली. तो म्हणाला तरच हात सोडवायचा, वस्तू द्यायची, परत अडकवायचा. झेंडा तिनं पुन्हा काढला नाही, सलिलचा बॅगवाला काढायचा. सम्यक चांगला खेळला. नंतर सगळे म्हणाले, त्या दिवशी सुटलेल्या वाऱ्यात असं कुणी खेळलं नाही. पण वाढलेले दोन फटके काही त्याला पुरते भरून काढता आले नाहीत.

खेळ संपला तेव्हा तो नेमका कटाच्या रेषेवर होता. त्याच्याएवढेच फटके झालेले आणखी बरेच. दुपारच्या खेपेचे खेळाडू अजून यायचे होते. त्यातले थोडे चांगले खेळले तर हे सगळे घरी.

म्हणून ते शेवटच्या ग्रीनपाशी बसून राहिले. सम्यक, रखमा, आणि दुपारी डबा घेऊन आलेली केसर. डबा कुणी उघडला नाही. एकेक जोडी येत होती. रखमानं आयुष्यात कुणाच्या पोराचं वाईट चिंतलं नव्हतं. आता समोर येणारा प्रत्येक पोरगा वाकून उभा राहिला की ती मनात म्हणायची, चुक रं. चुक. आणि तो चुकला की त्याचं तोंड बघून तिला कसंतरी व्हायचं, कारण कुठल्यातरी गावात त्याचंही कुणीतरी फोनकडे बघत बसलं असणार.

शेवटच्या जोडीत एक उंच काळासावळा पोरगा होता. सम्यक म्हणाला, "याचा आत गेला तर संपलं." बॉल लांब होता. पोरगा कितीतरी वेळ बघत राहिला. मारला. बॉल वळत, रेंगाळत गेला, काठावर थांबल्यासारखा झाला आणि आत पडला.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. सम्यकही वाजवत होता.

"आरं टाळ्या कसल्या वाजवतोस?" केसरचा आवाज फाटला. "तुज्या पोटावर पाय दिला त्यानं."

"चांगला मारला आई. लई लांबचा होता."

रखमाचे हात मांडीवर होते. ते तिनं उचलले, एकावर एक ठेवले, पण आवाज काही झाला नाही.

घरी आल्यावर केसरनं चुलीवर भात टाकला. भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवली जात होती. सदू समुद्रावरून आला, त्याला वाटेतच कळलं होतं. भाताचं झाकण आपटून केसर म्हणाली, "फिटली न्हवं हौस? जवळनं बगायची?"

"केसर," सदू म्हणाला.

"का? बोलू नको? माज्या पोराचं..." ती चुलीकडं वळली. रखमा भिंतीला टेकून बसली होती. तिला केसरचा राग नाही आला. कुणीतरी बोललं म्हणून जरा श्वास आला.

सम्यक अंगणात उभा राहून फोनवर क्लबवाल्यांशी बोलत होता. हो सर, येतो. हो, पुढच्या आठवड्यात. नाही सर, आता स्पर्धा नाही. सगळं साधं, स्वच्छ मराठीत, साहेबांशी बोलायच्या. फोन ठेवून तो आत आला आणि तिच्याशेजारी बसला.

"जेव आत्ये."

"तू मना काय बोलला न्हायस."

"काय बोलू? तू काय मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम केलं आसतं तर बरं. शिवी तरी दिली आसतीस."

तो खाली बघत होता. कुंपणाच्या कोयनेलची काडी घेऊन जमीन उकरत होता. "त्या सलिलचं ऐकलं आसतं तर रायलो आसतो," तो म्हणाला. "दिवसभर तेच डोक्यात होतं. एकदा वाटलं, जाऊन सांगावं, मी चुकून हात वर केला." मग तो उठला आणि ताट वाढून घ्यायला गेला. ताट त्यानं तिच्यापुढं ठेवलं आणि स्वतः न जेवता पडवीत जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रखमा कामावर गेली. ओल्या वाटेवर तिला पूनम भेटली. पोरीचे डोळे सुजले होते.

"मावशी, मी कड सोडली व्हती..."

"तुला सांगितलं तेवडं तू केलंस. गप चल."

शेडपाशी बापू काठ्या वाटत होता. रखमाची पाळी आली तसा तो घुटमळला. "रखमाबाई, आज काठी राहू दे. दुसरं काहीतरी काम देतो. पूनमला जाऊ दे."

"का? दव पडायचं थांबलंय काय?" तिनं हात पुढं केला.

बापूनं काठी दिली. तिनं तिच्या वाटणीची ग्रीनं झाडली. तिसऱ्या होलाशी आली तेव्हा काल जिथं बॉल होता ती जागा ओळखू येत नव्हती. सगळीकडे सारखंच दव. तिनं ग्रीन संपवलं, कडेपाशी आली आणि काठी उचलून धरली. तशीच थोडी उभी राहिली. हात खाजत होता. मग वळली आणि पुढं गेली.

शिट्टी झाली. बाया शेडवर आल्या. बसल्या. त्या दिवशी राहिलेले खेळाडू खेळायला निघाले असणार, कारण थोड्या वेळानं आवाज आला, टक. शेडमधल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि कुणीतरी सुपारी काढली. रखमानं घेतली.

कालचा आवाज छातीत वाजला होता. आज इथून तो पूर्वीसारखाच लांबचा होता. तरी आता तिला माहीत होतं, त्याच्या आधी माणूस किती वेळ गप उभा राहतो. आवाज आला की ती पुढच्या आवाजापर्यंत सुपारी चावायची थांबत होती. ते तिच्या लक्षात आलं तशी ती उठून बाहेर गेली.

खेळाडू पुढं सरकले की मागच्या मैदानावर बायांना जाऊ देतात. मारताना काठीनं गवताची खपली उडते, खड्डा पडतो. त्यात वाळू भरायची असते. बापूनं हाक मारली तशी रखमानं वाळूची बादली उचलली आणि पहिल्या पट्ट्यावर गेली. खड्डे पुष्कळ होते. एका खड्ड्याशी ती वाकली, ओंजळभर वाळू घातली, पायानं दाबली. तळव्याखाली वाळू बसली का ते बघितलं, थोडी आणखी घातली. मग बादली उचलून पुढच्या खड्ड्याकडे गेली.